इशाऱ्याचा अधिकारी कोण?

(१)

साहित्यसमीक्षेने ज्या संहितांकडे सहसा पाहिलेले नाही, त्यांत कामाच्या ठिकाणी आढळणारे धोक्याचे इशारे ही एक मोठी जात आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवरील लेबल, मळणी यंत्राच्या पत्र्यावर रंगवलेली सूचना, विजेच्या रोहित्रावर टांगलेला कवटीचा पत्रा या साऱ्या संहिता आहेत. त्यांना लेखक असतो, पण त्याचे नाव नसते. वाचक गृहीत धरलेला असतो, पण तो ती संहिता वाचतोच असे नाही. आणि अन्य कोणत्याही संहितेबाबत जे क्वचितच संभवते ते येथे नित्य संभवते: चुकीचे वाचन, किंवा न वाचणे, वाचकाच्या जिवावर बेतू शकते. कवितेचा अर्थ न लागल्याने कोणी दगावत नाही. म्हणूनच अर्थनिर्णयाचा विचार करणाऱ्या शास्त्राने या संहितांना क्षुद्र मानून बाजूला सारणे योग्य ठरत नाही. येथे अर्थाचा प्रश्न नीतीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

प्रश्न थोडक्यात असा मांडता येईल: धोक्याची सूचना दिल्याने सूचना देणारा जबाबदारीतून मुक्त होतो काय? होत असल्यास कोणत्या अटींवर? ‘आम्ही सांगितले होते’ हे वाक्य नैतिकदृष्ट्या केव्हा खरे असते आणि केव्हा ते केवळ व्याकरणदृष्ट्या खरे असते?

हा प्रश्न कारखान्यांच्या संदर्भात अनेकदा चर्चिला गेला आहे. शेतीच्या संदर्भात फारसा नाही. शेत हे कामाचे ठिकाण आहे, ही गोष्टच आपल्या विचारात उशिरा आली. लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्याला लागून असलेला देवणी तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. देवणीचे नाव राज्याबाहेर पोहोचले ते येथील गोवंशामुळे. या गोवंशाचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार जाणकार मानतात; तोंडावरचा काळा रंग कोठवर उतरला आहे, अंगावरचे ठिपके कोठे आणि कसे विखुरले आहेत, यावरून हे भेद ओळखले जातात. ज्याला अक्षरओळख नाही असा सालगडीही जनावर दुरून पाहून त्याचा प्रकार सांगू शकतो. चिन्ह वाचण्याची, रंगावरून अर्थ काढण्याची ही क्षमता येथील श्रमिकाच्या अंगी पिढ्यानपिढ्या मुरलेली आहे. हे येथेच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. कारण इशारा निष्फळ ठरला की ‘लोक निरक्षर आहेत’ हे उत्तर तयार असते, आणि ते उत्तर, पुढे दिसेल त्याप्रमाणे, प्रश्न सोडवत नाही, तो झाकतो.

(२)

भारतात कीटकनाशकांच्या लेबलाला कायद्याचे अधिष्ठान आहे. १९५८ साली केरळात आणि तत्कालीन मद्रास राज्यात विषबाधेने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गव्हाचे पीठ आणि पॅराथिऑन या कीटकनाशकाची पिंपे एकाच जहाजातून आली होती. गळती झाली आणि विष पिठात उतरले. या घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम आले. अन्न आणि विष शेजारी ठेवले गेले, आणि त्यांतले विष कोणते हे सांगणारी भाषा पुरेशी नव्हती, हा या कायद्याचा उगम होय.

नियमांनी घडवलेली संहिता मोठी रेखीव आहे. लेबलावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणात रंग आणि वरच्या त्रिकोणात शब्द. अतितीव्र विषारी द्रव्यासाठी लाल रंग, कवटी-हाडांचे चिन्ह आणि तांबड्या अक्षरांत ‘विष’ हा शब्द. त्याखालच्या श्रेणीसाठी पिवळा रंग आणि तोच ‘विष’ हा शब्द, पण कवटी नाही. तिसऱ्या श्रेणीसाठी निळा रंग आणि धोक्याचा इशारा. चौथ्या श्रेणीसाठी हिरवा रंग आणि सावधगिरीचा शब्द. श्रेणी ठरते ती प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या निम्म्या समूहाला मारण्यास किती मात्रा लागते यावरून. सोबत एक घडीपत्रक असते. त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा, वापरण्याची पद्धत हे सारे अनेक भाषांत, अर्थातच अत्यंत बारीक टंकात दिलेले असते.

चिन्हव्यवस्था म्हणून पाहता तिच्यात एक मूलभूत विसंगती दिसते. चौथ्या श्रेणीचा हिरवा रंग ‘कमी विषारी’ असे सांगू इच्छितो. पण हिरवा रंग रस्त्यावर ‘जा’ असे सांगतो, आणि शेतात तो पिकाच्या तजेल्याचा रंग असतो. पिवळा रंग नियमांच्या भाषेत तीव्र विषाचा आहे. मराठी मनात तो हळदीचा, भंडाऱ्याचा आहे. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध रूढीने ठरतो हे सोस्यूरनंतर सर्वमान्य आहे; पण रूढी ही कुणाची तरी असावी लागते. या रंगांची रूढी राजपत्रात प्रसिद्ध झाली. ती रुजवण्याचे काम मात्र कोणा एकाकडे निश्चितपणे सोपवले गेले नाही. ठिपक्यांवरून शेवरा ओळखणाऱ्याला त्रिकोण वाचता येत नाही याचे कारण त्याची वाचनक्षमता तोकडी आहे हे नसून, ज्या व्यवहारातून ही चिन्हे उपजली त्यात त्याला कधी सामील करून घेतले गेले नाही, हे आहे.

रंगाहूनही मोठी अडचण शब्दाची आहे. देवणीच्या शिवारात, किंबहुना महाराष्ट्रभर, कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. औषध आणायचे, औषध कालवायचे, औषध मारायचे. सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसला, तुरीच्या शेंगांत अळी शिरली, की पीक ‘आजारी’ असते आणि त्याला ‘औषध’ लागते. वर्तमानपत्रांच्या बातम्यांत तर ‘विषारी औषध’ असा जोडशब्द रूढ झालेला आहे, आणि त्यातील विरोध कोणाला जाणवतही नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा याने प्लेटोच्या संहितेतील एका ग्रीक शब्दाचा शोध घेताना औषध आणि विष हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात हे दाखवले आणि त्यावर बरेच सैद्धांतिक मंथन झाले. मराठी शेतकऱ्याला त्यासाठी ग्रीक भाषेकडे जावे लागत नाही. तथापि एक फरक लक्षात घ्यावयास हवा. ग्रीक शब्दातील द्व्यर्थ हा संहितेच्या वाचकापुढील पेच आहे; मराठी ‘औषध’ हा शब्द मात्र ज्यांच्या दुकानांतून, जाहिरातींतून आणि सल्ल्यांतून शेतात पोहोचला, त्यांच्या सोयीचा आहे. लेबलावर ‘विष’ छापायचे आणि व्यवहारात ‘औषध’ म्हणून विकायचे, यात लेबल खोटे नसते. ते एकटे पडलेले असते.

(३)

या एकटेपणाचे स्वरूप समजून घेण्यास भारतीय काव्यशास्त्र उपयोगी पडते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ हे परस्परांहून सर्वस्वी भिन्न असू शकतात हे सिद्ध करण्यासाठी प्रारंभीच काही प्राकृत गाथा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. पहिल्या गाथेत गोदातीरावरील संकेतस्थळ राखू पाहणारी एक स्त्री फुले वेचावयास येणाऱ्या धार्मिकाला सांगते की त्याने आता निर्धास्त हिंडावे, कारण त्याला त्रास देणाऱ्या कुत्र्याला तीरावरच्या सिंहाने मारले आहे. वाच्यार्थ विधिरूप आहे: ये, हिंड. व्यंग्यार्थ निषेधरूप आहे: येऊ नकोस. म्हणजे काव्यशास्त्रातील ध्वनीचे हे आद्य उदाहरण, नीट पाहता, एक धोक्याचा इशाराच आहे. आणि तो गोदावरीच्या काठचा, महाराष्ट्री प्राकृतातला आहे. दुसऱ्या गाथेत क्रम उलटा आहे. वाटसरूला उद्देशून बोलणारी स्त्री सासू कोठे निजते, आपण कोठे निजतो हे सांगून अंधारात चुकून आपल्या अंथरुणावर न पडण्याची सूचना देते. वाच्यार्थ निषेधरूप, व्यंग्यार्थ विधिरूप.

कामाच्या ठिकाणचे धोक्याचे लेबल यांपैकी कोणत्या वर्गात पडते? वरवर पाहता ते निव्वळ अभिधेचे, वाच्यार्थापलीकडे काहीही न सुचवणारे वचन वाटते. श्वासावाटे आत घेऊ नका, त्वचेवर पडू देऊ नका, रिकामी बाटली पुन्हा वापरू नका. परंतु व्यंजना ही केवळ शब्दांवर अवलंबून नसते. वक्ता कोण, ऐकणारा कोण, प्रकरण काय, यांच्या वैशिष्ट्याने ती प्रकट होते, असे मम्मटाने स्पष्ट केले आहे. येथील वक्ता हा वस्तू विकणारा आहे. प्रकरण विक्रीचे आहे. जे वापरू नये असे सांगितले जात आहे तेच वापरण्यासाठी दिले जात आहे. म्हणून लेबलाची जात दुसऱ्या गाथेची आहे: निषेधाच्या आवरणाखाली विधी. ‘हे घातक आहे’ या वाच्यार्थाच्या पोटात ‘हे घे, वापर, आणि यापुढे काय होईल ते तुझे’ असा व्यंग्यार्थ आहे.

ध्वनिविचारात व्यंग्यार्थ ग्रहण करणारा सहृदय असावा लागतो. लेबलाच्या या व्यंग्यार्थाचा सहृदय शेतात सहसा आढळत नाही. तो कचेरीत, चौकशी समितीत, विम्याच्या कागदांत, न्यायालयाच्या युक्तिवादात आढळतो. ‘सूचना छापली होती’ हे वाक्य तेथे आस्वादले जाते. म्हणजे या संहितेचे दोन वाचक आहेत. ज्याला उद्देशून ती लिहिलेली दिसते तो एक, आणि ज्याच्यासाठी ती खरोखर लिहिलेली असते तो दुसरा. पहिल्याने ती न वाचली तरी दुसऱ्याचे काही बिघडत नाही; उलट त्याने ती वाचली नाही हेच दुसऱ्याच्या कामी येते.

हे विधान सर्व लेबलांना सरसकट लागू करणे अन्यायाचे होईल. कळकळीने दिलेला इशाराही छापीलच असतो. पण कळकळ आणि कातडीबचाव यांचे शब्द जर तेच असतील, तर त्यांतील भेद शब्दांत शोधून सापडणार नाही. तो शब्दांच्या बाहेर, सूचना देणाऱ्याच्या इतर कृतींत शोधावा लागेल.

(४)

जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाच्या, १९५५ साली दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांनी ‘बोलणे ही एक कृती आहे’ हा विचार दृढ केला. इशारा देणे ही अशा कृतींपैकी एक. त्याच्या उदाहरणांत शेतात बैल असल्याचे सांगणारे एक विधान आहे: ते इशारा असेल किंवा नसेल, केवळ दृश्याचे वर्णनही असू शकेल. देवणीच्या वळूंची ख्याती ठाऊक असणाऱ्याला हे उदाहरण विशेष समजेल. बांधावरून कोणी ‘वळू सुटलाय’ असे ओरडले, तर तो इशारा ठरतो. कारण ओरडणाऱ्याने येणारा माणूस पाहिलेला असतो, त्याला ऐकू जाईल असा आवाज लावलेला असतो, आणि बाजूला व्हायला जागा व वेळ आहे हे त्याला ठाऊक असते. तेच वाक्य चावडीच्या फळ्यावर लिहून ठेवले तर ते सत्य राहील, पण इशारा राहील काय? इशारा म्हणून केलेली कृती सिद्ध होण्यास ज्या परिस्थितीची अपेक्षा असते ती तेथे नाही. भारतीय परिभाषेत बोलावयाचे तर वाक्यार्थबोधाला आकांक्षा आणि योग्यता यांबरोबर सन्निधी लागते. छापील इशाऱ्यात शब्द एकमेकांजवळ असतात, पण वचन आणि प्रसंग यांची सन्निधी तुटलेली असते.

या तुटलेपणाचे सर्वांत ठळक रूप म्हणजे इशाऱ्याचा श्रोता अनेक माणसांत विभागला जाणे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधात घातक द्रव्यांवर त्यांच्या घातकतेचा शब्द लिहिण्याची सक्ती करण्यास हरकत नाही असे म्हटले. त्याने ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा संकोच होत नाही, कारण आपण घेतो ती वस्तू विषारी आहे हे कळू नये अशी इच्छा ग्राहकाला असूच शकत नाही. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्याच्या तळाशी एक गृहीत आहे: विकत घेणारा, वाचणारा, वापरणारा आणि अपाय झाल्यास तो सोसणारा ही एकच व्यक्ती आहे. मिलचा ग्राहक हा अखंड आहे.

देवणीच्या शेतातला ग्राहक अखंड नाही. औषध आणतो तो शेतमालक. कोणते आणायचे हे बहुधा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यामागे बसलेला दुकानदार सांगतो. लेबल वाचण्याची खरी संधी त्यालाच मिळते. पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालतो तो सालगडी, रोजंदार, किंवा पंपामागे दर ठरवून गुत्ते घेतलेला मजूर. बाटली त्याच्या हाती येते तेव्हा तिचे झाकण हे माप झालेले असते आणि पत्रक खोक्यासह दुकानात किंवा घरी राहिलेले असते. अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली असतात; त्या मिश्रणाचे तर कोणतेच लेबल जगात अस्तित्वात नसते. आणि अंगावरचे कपडे धुणारी घरातली बाई या साखळीत शेवटी येते, जिला कोणत्याही संहितेने संबोधलेलेच नाही. घेणारा एक, वाचू शकणारा दुसरा, वापरणारा तिसरा, सोसणारी चौथी. मिलच्या युक्तिवादातील संमती पहिल्याची आहे. तिची किंमत तिसऱ्याने आणि चौथीने मोजायची आहे.

२०१३ साली बिहारमधील एका शाळेत माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. विष ज्यांच्या पोटात गेले त्यांचा त्याच्या खरेदीशी, वापराशी, लेबलाशी काहीही संबंध नव्हता. शब्द बाटलीला चिकटलेला राहतो. द्रव्य मात्र बाटलीत राहत नाही. इशाऱ्याच्या नीतिशास्त्राने हा साधा भौतिक भेद लक्षात घेतलाच पाहिजे.

(५)

येथवरच्या विवेचनातून असा निष्कर्ष निघू शकेल की इशारा योग्य माणसापर्यंत, योग्य भाषेत, योग्य वेळी पोहोचला की प्रश्न सुटला. पण पोहोचल्यानंतरचा प्रश्नच अधिक अवघड आहे. त्यासाठी मीमांसकांच्या अधिकारविचाराकडे वळावे लागते. जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात कोणता विधी कोणावर बंधनकारक होतो याची चर्चा आहे. विधिवाक्य कोणालाही उद्देशून सुटलेला बाण नव्हे. त्याला अधिकारी लागतो. फळाची इच्छा, आवश्यक ते ज्ञान आणि कर्म पार पाडण्याचे सामर्थ्य, या गोष्टी ज्याच्या ठायी आहेत तो अधिकारी. जे करणे ज्याला शक्यच नाही त्याला ते न केल्याचा दोष लावता येत नाही.

ही कसोटी फवारणीच्या इशाऱ्याला लावून पाहावी. जीव वाचावा ही इच्छा मजुराला आहे. ज्ञान आहे असे क्षणभर मानू. लेबल त्याला कोणी वाचून दाखवले, त्याला ते समजले. आता सामर्थ्य. इशारा सांगतो: हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, अंगभर झाकणारे कपडे वापरा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, मळमळल्यास काम थांबवा. साधने मालकाने द्यावीत की मजुराने आणावीत हे बांधावर कधीच ठरलेले नसते. भाद्रपदातल्या दमट उकाड्यात अभेद्य कपडे घालून दिवसभर पंप वाहणे शरीराला झेपत नाही. ओळी ज्या दिशेने पेरल्या त्या दिशेनेच चालावे लागते. वारा कोठून येतो हे मजूर ठरवत नाही. पंपामागे दर असेल तर थांबणे म्हणजे मजुरी सोडणे. शिवाय मध्येच थांबणाऱ्याला उद्या कोणी बोलावत नाही. इशाऱ्यातील प्रत्येक ‘करा’ आणि ‘करू नका’ यांचा कर्ता व्याकरणात मजूर आहे. प्रत्यक्षात मात्र त्यातील बहुतेक क्रियापदे त्याच्या हातची नाहीत. मीमांसकाच्या कसोटीने तो या विधीचा अधिकारीच ठरत नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते याच संदर्भात पाहिले पाहिजे. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मरण पावली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत, कोठे त्याहूनही वर वाढली होती. फवारा खाली पडण्याऐवजी फवारणाऱ्याच्या तोंडा-डोळ्यांवर येत होता. निरनिराळी औषधे मिसळली जात होती. राज्य शासनाने चौकशी पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात तात्पुरती बंदी घातली. तथापि सार्वजनिक चर्चेचा बराच भाग एका मुद्द्याभोवती फिरत राहिला: फवारणाऱ्यांनी संरक्षक साधने वापरली नव्हती. हे विधान तथ्य म्हणून पुष्कळ अंशी खरे असेल. पण ते तथ्य म्हणून मांडले जात नव्हते, निवाडा म्हणून मांडले जात होते. लेबलाच्या पोटात दडलेला व्यंग्यार्थ त्या दिवसांत उघडपणे वाच्य झाला.

धोका ठाऊक असणे आणि धोका पत्करणे यांत भेद आहे, हे कायद्यालाही फार पूर्वी कळले होते. १८९१ साली इंग्लंडच्या उमराव सभेने स्मिथ विरुद्ध बेकर या खटल्यात, डोक्यावरून दगड वाहून नेणाऱ्या यारीखाली काम करणाऱ्या आणि धोक्याची कल्पना असलेल्या मजुराच्या बाजूने निर्णय दिला: जाणणे म्हणजे संमती देणे नव्हे. पोटासाठी जो दुसरीकडे जाऊ शकत नाही त्याच्या ज्ञानातून संमती काढणे हे तर्कदृष्ट्याच चूक आहे.

मीमांसेचा आधार घेताना तिचा दुसरा चेहराही दृष्टीआड करता येणार नाही. त्याच सहाव्या अध्यायात शूद्राला वैदिक कर्माचा अधिकार नाही असा निर्णय आहे; कारण उपनयन नाही म्हणून विद्या नाही, आणि विद्या नाही म्हणून अधिकार नाही. आधी ज्ञानाची वाट बंद करावयाची आणि मग अज्ञानाच्या नावाने बाहेर ठेवावयाचे, असे या युक्तिवादाचे वर्तुळ आहे. १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना महात्मा फुले यांनी अविद्येला अनर्थांचे मूळ ठरवले ते हे वर्तुळ भेदण्यासाठी; अविद्या लादणाऱ्यांना जाब विचारण्यासाठी. आधुनिक लेबलाचा न्याय एका अर्थाने जुन्याहून कठोर आहे. जुन्या व्यवस्थेने ज्याला विद्या नाकारली त्याला निदान कर्माच्या लोपाचा दोष तरी लावला नाही. नव्या व्यवस्थेत अधिकार नाही, सामर्थ्य नाही, पण दोष मात्र आहे. मराठवाड्यात भूमिहीनता आणि जात यांचा संबंध जुना आहे. पंप कोणाच्या पाठीवर असतो हा प्रश्न म्हणूनच केवळ आर्थिक राहत नाही.

(६)

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. इशाऱ्याचे मूल्य असे कमी लेखल्याने श्रमिकाचे हित साधेल काय? १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, आपण कोणत्या द्रव्यांजवळ काम करतो हे कळण्याचा कामगाराचा हक्क १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात आला, तो मोठ्या किमतीनंतर. माणसाला माहिती देणे म्हणजे त्याला विचार करणारी व्यक्ती मानणे. माहिती न देता परस्पर त्याचे रक्षण करू पाहणे यात आश्रयदात्याचा अहंकार असतो. शिवाय लेबलाने जीव वाचलेही असतील. मात्र वाचलेल्यांची नोंद कोठे होत नाही.

हा आक्षेप खरा आहे आणि तो पूर्णपणे मान्य केला पाहिजे. लेबल नको असा येथील युक्तिवाद नाही. लेबल अधिक स्पष्ट, अधिक मोठ्या टंकात, ‘औषध’ या शब्दाशी झगडणाऱ्या बोलीत असावे. देवणीसारख्या सीमेवरच्या मुलखात त्याने कन्नड आणि मराठी दोन्ही ओलांडून चित्राच्या भाषेत बोलावे. मुद्दा एवढाच की माहितीचा हक्क आणि माहितीचे ओझे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या ज्ञानाच्या बळावर नकार देता येतो ते ज्ञान हक्क ठरते. ज्या ज्ञानाने फक्त दोषाची मालकी बदलते ते ओझे ठरते. शब्द तेच असतात. बांधावर ‘मी हे फवारणार नाही’ असे म्हणता येते की नाही, यावर ते काय आहे हे ठरते.

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड सर्वमान्य आहे. धोका मुळातूनच काढून टाकणे सर्वांत वर. मग कमी घातक पर्याय योजणे. मग माणूस आणि धोका यांच्यामध्ये अडसर उभारणे. त्याखाली सूचना, इशारे आणि कामाचे नियम. आणि सर्वांत खाली अंगावर घालावयाची साधने. इशारा या उतरंडीत तळाच्या जवळ आहे. ज्याला वरच्या पायऱ्यांवर काही करता येण्याजोगे होते आणि ज्याने ते केले नाही, त्याने खालच्या पायरीवर उभे राहून ‘मी सांगितले होते’ असे म्हणणे, हा केवळ उद्धटपणा नाही; ती इशारा या भाषिक कृतीची विटंबना आहे.

आश्विनात देवणीच्या शिवारात सोयाबीनची रास सुरू होते तेव्हा हा भेद डोळ्यांना दिसतो. परतीच्या पावसाच्या धास्तीने बनमी भराभर मोडल्या जातात. मळणी यंत्र रात्री-अपरात्रीपर्यंत चालते. यंत्राच्या तोंडापासून हात दूर ठेवा, सैल कपडे घालू नका, असे पत्र्यावर लिहिता येते. आणि घास टाकण्याची वाट पुरेशी लांब व वरून झाकलेली करता येते, फिरत्या पट्ट्यांना जाळी बसवता येते. पहिल्या पद्धतीत हात वाचण्याची जबाबदारी झोपेने जडावलेल्या, पदर खोचून पेंढ्या देणाऱ्या बाईवर आहे. दुसरीत ती यंत्र घडवणाऱ्यावर आहे. संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांसंबंधीचा कायदा केला तो मुख्यतः मळणी यंत्रांनी तुटलेल्या हातांमुळेच. म्हणजे ही दुसरी पद्धत ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे मोनोक्रोटोफॉसचे. २००५ मध्ये भाजीपाल्यावर त्याचा वापर करण्यास मनाई झाली. म्हणजे तेच द्रव्य, तीच बाटली, फक्त निषेधाचा एक शब्द अधिक. कोणत्या पिकावर मारायचे याचा विवेक पुन्हा वापरणाऱ्यावर सोपवला गेला. २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या प्रचलित द्रावणावर, शिल्लक साठा संपवण्याची मुदत देऊन, बंदी घातली. या दोन तारखांमध्ये अठरा वर्षे आहेत. बिहारमधील शाळा आणि यवतमाळची कपाशी याच वर्षांत येतात. या अठरा वर्षांत लेबल बरोबरच होते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. इशारा देणारा जबाबदारीतून मुक्त होतो, पण केवळ तेव्हाच, जेव्हा ऐकणारा तो पाळण्यास समर्थ असतो, आणि त्याला असमर्थ ठेवण्यात इशारा देणाऱ्याचा हात किंवा लाभ नसतो. अन्यथा इशारा जबाबदारी संपवत नाही, उलट वाढवतो. कारण धोका आपल्याला ठाऊक होता, याची ती देणाऱ्याने स्वतःच छापून दिलेली कबुली असते. लेबलाचे वाचन या दिशेने केले तर त्याचा खरा उद्देश्य पुरुष बदलतो. द्वितीय पुरुषातली ती आज्ञार्थी वाक्ये प्रथम पुरुषात वाचता येतात: हे घातक आहे हे आम्हाला माहीत आहे, हे कोणाच्या अंगावर उडेल याची आम्हाला कल्पना आहे, साधनांवाचून ते वापरले जाईल हेही आम्ही जाणतो. संहितेचे असे उलट वाचन करणे हे समीक्षेचे नित्याचेच काम आहे. ते कविता-कादंबऱ्यांपुरते राखून ठेवण्याचे कारण दिसत नाही. पुढच्या वेळी ‘सूचना स्पष्ट होती’ असे एखाद्या अहवालात म्हटले जाईल तेव्हा, ती कोणाला स्पष्ट होती आणि ती पाळण्यासाठी त्याच्या हाती काय दिले होते, हे दोन प्रश्न त्या वाक्यापुढे ठेवता आले पाहिजेत.